गेमचे पैसे भरले, पण गेम कोणाचा?

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम कार्टमध्ये टाकून पैसे भरायला गेलं की तिथे एक बारीकशी सूचना दिसते: डिजिटल वस्तूच्या खरेदीतून तुम्हाला त्या वस्तूचा स्टीमवरचा परवाना मिळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा अनेकांना वाटलं, स्टीमने गुपचूप नियम बदलला. नियम जुनाच होता. करारात तो लिहिलेला होता, पण लांबलचक करार वाचतो कोण? कॅलिफोर्नियाने एबी २४२६ नावाचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. माल कायमचा देत नसाल तर ‘बाय’ असं बटण लावताना हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, असं त्याने डिजिटल दुकानांना बजावलं. म्हणून ती ओळ आली.

मुंबईतल्या पागडीच्या खोलीसारखा हा व्यवहार आहे. एकरकमी मोठी रक्कम द्यायची, वर्षानुवर्षं राहायचं, घर आपलंच म्हणायचं, पण मालकी घरमालकाकडे. पागडीत निदान मालकाचा वाटा देऊन, त्याच्या संमतीने खोली दुसऱ्याला देता येते, आणि घरातल्या माणसांकडे ती पुढे जाऊ शकते. स्टीमच्या करारात तेवढीही सोय नाही. खातं विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने याविरुद्ध दावा लावला होता. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने डिजिटल गेम पुन्हा विकण्याचा हक्क मान्यही केला. पण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अपिलात तो निकाल फिरला, आणि सीडीच्या काळात सर्रास चालणारी जुन्या गेमची फेरविक्री पीसीवर संपली ती संपलीच.

असं असूनही मार्च २०२५ मध्ये एका क्षणी ४ कोटींहून जास्त लोक एकाच वेळी स्टीमवर हजर होते. मालकी नाही हे कळूनही लोक पैसे मोजतात, आणि संरक्षण तोडलेली फुकटची क्रॅक कॉपी टॉरेंटवर असतानाही मोजतात. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर आधी सीडीच्या काळात जावं लागेल.

कॉपी कोण करतं आणि त्रास कोणाला होतो

गेमची नक्कल होऊ नये म्हणून केलेल्या तांत्रिक बंदोबस्ताला आज सगळे डीआरएम म्हणतात, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. सुरुवातीला तो अगदी साधा होता. फ्लॉपीच्या दिवसांत गेम सुरू होताना विचारायचा, सोबतच्या पुस्तिकेत अमुक पानावर तमुक ओळीत कोणता शब्द आहे? पुस्तिका नसेल तर गेम पुढे जायचा नाही. मग झेरॉक्स मशिन स्वस्त झालं आणि हा उपाय निकामी ठरला.

सीडी आल्यावर सेफडिस्क, सिक्युरॉम, स्टारफोर्स अशा यंत्रणा आल्या. सेफडिस्कमध्ये डिस्कवर मुद्दाम काही चुका पेरलेल्या असत. साध्या सीडी रायटरला त्या जशाच्या तशा उतरवता येत नसत, त्यामुळे नक्कल केलेली सीडी ओळखू यायची. हे तपासायला गेम तुमच्या विंडोजमध्ये स्वतःचा एक ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा छोटा प्रोग्रॅम, बसवायचा, तोही अगदी खोलवर, जिथे एरवी कीबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डचे ड्रायव्हर असतात. अशा जागी बसलेल्या ड्रायव्हरमध्ये त्रुटी निघाली तर अख्खा कॉम्प्युटर धोक्यात येतो. म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० ने सेफडिस्कचा ड्रायव्हर चालवणंच बंद केलं. परिणाम असा की २००३ साली रीतसर पैसे देऊन घेतलेली मूळ सीडी आज कपाटात असली तरी त्यातले कित्येक गेम जसेच्या तसे सुरू होत नाहीत. त्याच गेमची क्रॅक केलेली कॉपी मात्र चालते, कारण तिच्यातून ती तपासणी कधीच काढून टाकलेली असते.

या विषयात मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट हीच आहे. डीआरएमचा भार नेहमी पैसे देणाऱ्यावर पडतो. ज्याने कॉपी मिळवली त्याच्यापर्यंत तो बंदोबस्त पोहोचतच नाही. एका माणसाने एकदा तो तोडला की बाकी सगळ्यांसाठी तो तुटलेलाच असतो.

२००८ मध्ये हे जगासमोर आलं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या गेम कंपनीचा ‘स्पोर’ सप्टेंबरमध्ये बाजारात आला, सोबत सिक्युरॉम आणि एक अट घेऊन: गेम फक्त तीन वेळा अ‍ॅक्टिव्हेट करता येईल. कॉम्प्युटर बदलला, विंडोज पुन्हा टाकलं, की एक संधी खर्च. चौथ्यांदा कस्टमर केअरला फोन. अ‍ॅमेझॉनवर एक तारा देणाऱ्या रिव्ह्यूंचा पूर आला, अमेरिकेत खटला दाखल झाला, कंपनीने तीनची मर्यादा पाचवर नेली. आणि त्या वर्षी टॉरेंटवरून सर्वाधिक उतरवला गेलेला गेम कोणता, तर ‘स्पोर’च.

२०१० मध्ये युबिसॉफ्ट या दुसऱ्या मोठ्या गेम कंपनीने पुढचं पाऊल टाकलं. ‘असॅसिन्स क्रीड २’ एकट्याने खेळायचा गेम, तरीही खेळताना इंटरनेट सतत चालू हवं. नेट तुटलं की गेम थांबला. मार्चमध्ये युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेणाऱ्यांनाच खेळता येईना. आपल्याकडे त्या काळी बीएसएनएलचं ब्रॉडबँड पावसाच्या सरीसरशी जायचं आणि गावोगावी भारनियमन होतं. अशा ठिकाणी ही अट म्हणजे गेम घेऊच नका असं सांगण्यासारखं होतं.

महाराष्ट्रात तेव्हा तसाही मूळ बॉक्स घेणारा विरळा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉपी सीडी मिळायच्या, सायबर कॅफेत कोणीतरी पेन ड्राइव्हवर टाकून द्यायचं. लोक चोर होते म्हणून असं घडलं, हे मला पटत नाही. मूळ बॉक्स मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांत मिळायचा. सांगली-जळगावच्या मुलाने तो आणायचा कुठून? ऑनलाइन घ्यायचा तर किंमत डॉलरमध्ये, आणि घरात परदेशी व्यवहार चालणारं क्रेडिट कार्ड किती जणांकडे होतं?

स्टीमने काय ओळखलं

व्हॉल्व्ह ही अमेरिकेतली गेम बनवणारी कंपनी. मायक्रोसॉफ्ट सोडून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी ती १९९६ मध्ये काढली. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने ती नावारूपाला आली, ‘काउंटर-स्ट्राइक’ने जगभर पोहोचली. ऑनलाइन खेळणाऱ्या लाखो लोकांपर्यंत नवा पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, पोहोचवायचा म्हणजे दरवेळी मोठी कटकट. कोणाकडे जुनी आवृत्ती, कोणाकडे नवी, आणि चीटिंग करणारे वेगळेच. ते सोडवण्यासाठी १२ सप्टेंबर २००३ ला स्टीम सुरू झालं. दुकान ते नंतर झालं.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला. बॉक्स विकत आणला तरी स्टीमवर खातं उघडून इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेट करणं सक्तीचं होतं. लोक भयंकर चिडले. हेही एक डीआरएमच होतं, आणि पहिल्या दिवसांत सर्व्हर दमले तेव्हा त्याचा त्रास नेहमीप्रमाणे खरेदीदारांनीच सोसला. तरीही पुढे हेच स्टीम लोकांना आवडू लागलं, कारण बंधनाच्या बदल्यात त्यातून काहीतरी मिळत होतं. गेम एकदा घेतला की कुठल्याही कॉम्प्युटरवर पुन्हा उतरवून घ्या. सीडी हरवण्याची भीती नाही. पॅच आपोआप. सेव्ह केलेला खेळ क्लाउडवर. मित्र काय खेळतोय ते दिसतं. २००५ पासून इतर कंपन्यांचे गेमही तिथे येऊ लागले आणि मग ते प्रसिद्ध सेल सुरू झाले.

२०११ च्या सुमारास न्यूवेल यांनी जाहीरपणे मांडलेला विचार या धंद्यात आजही सांगितला जातो: पायरसीचं मूळ बहुतेकदा किमतीत नसून सेवेत असतं. चोरटी कॉपी घरबसल्या, लगेच, स्थानिक भाषेत मिळत असेल आणि मूळ गेम तीन महिन्यांनी, फक्त मोठ्या दुकानात मिळत असेल, तर चोरट्याची सेवा चांगली आहे. त्यांनी उदाहरण दिलं रशियाचं. तिथे जाऊ नका, सगळे कॉपीच करतात, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. स्टीम तिथे नीट भाषांतरासह आणि वेळेवर गेलं, आणि रशिया युरोपातल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या बाजारांत जाऊन बसला.

भारतातही तेच दिसलं. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर रुपयात किमती आल्या, भारतीय बँकांमधून पैसे भरता येऊ लागले, नंतर यूपीआय आलं. ज्या मुलांनी कॉलेजात एकही मूळ गेम पाहिला नव्हता त्यांच्या लायब्ररीत पहिल्या पगारानंतर दहा-वीस गेम जमले. मधल्या काळात कुठलीही क्रॅक बंद झाली नव्हती आणि पोलिसांनी कोणाच्या घरी धाडी घातल्या नव्हत्या.

परताव्याची सोय मात्र स्टीमने आपण होऊन चटकन दिली असं म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं, आणि २०१६ च्या अखेरीस कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. खटला चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, आजचा नियम आला: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. जगभरच्या गिऱ्हाइकांना मिळणाऱ्या या सोयीमागे एका देशाच्या ग्राहक कायद्याचाही रेटा होता, हे लक्षात ठेवायला हवं.

हजार रुपयांतले बनवणाऱ्याला किती

हिशोब करून पाहू. भारतात एक गेम १,००० रुपयांना आहे. या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे करापूर्वीची रक्कम साधारण ८४७ रुपये. त्यातले ३० टक्के, म्हणजे २५४ रुपये, दुकानाचे. उरले ५९३. मध्ये प्रकाशक असेल तर त्याचा वाटा जातो, मग स्टुडिओच्या देशातला आयकर, मग पगार. सेलमध्ये तोच गेम ७५ टक्के सवलतीत २५० रुपयांना घेतला तर दुकानाचा वाटा गेल्यावर मागे उरतात सुमारे १४८ रुपये.

३० टक्के हा दर स्टीमचा जुना आहे. २०१८ च्या अखेरपर्यंत तो सरसकट होता. मग व्हॉल्व्हने सांगितलं की गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे सवलत मिळते ती मोठ्यांना. तीन-चार जणांच्या स्टुडिओला एवढी विक्री स्वप्नातही दिसत नाही, आणि तो पूर्ण ३० टक्के देतो. हे उफराटं आहे असं मला ठामपणे वाटतं.

त्याच सुमारास, डिसेंबर २०१८ मध्ये, एपिक गेम्सने आपलं दुकान उघडलं. वाटा फक्त १२ टक्के. ‘फोर्टनाइट’मधून आलेला अफाट पैसा हाताशी होता, त्यातून त्यांनी ‘मेट्रो एक्सोडस’, ‘बॉर्डरलँड्स ३’ असे गेम ठरावीक काळ फक्त आपल्याच दुकानात ठेवायचे करार केले आणि दर आठवड्याला फुकट गेम वाटायला सुरुवात केली. मे २०२० मध्ये ‘जीटीए ५’ फुकट दिला तेव्हा गर्दीने साइटच कोलमडली. जून २०२५ पासून तर दर वर्षी प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरवर एपिक काहीच घेत नाही. तरी लोक फुकटचा गेम एपिकवर घेतात आणि पैसे देऊन घ्यायचा तो स्टीमवर घेतात. सगळी जुनी लायब्ररी, मित्र, रिव्ह्यू, मॉड्स (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल) एकीकडे असताना दुसऱ्या दुकानात जायचं कशाला? मोठमोठ्या प्रकाशकांनाही हे कळून चुकलं. ईए २०१९ मध्ये स्टीमवर परतलं, युबिसॉफ्ट २०२२ मध्ये परतलं, बेथेस्डाने आपला लॉन्चर, म्हणजे स्वतःचं वेगळं दुकान, बंदच केला, ब्लिझर्डने २०२३ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ स्टीमवर आणला.

रुपयातल्या स्वस्त किमतीमागेही एक गणित आहे. प्रत्येक देशाच्या चलनात किंमत काय असावी याची शिफारस व्हॉल्व्ह करतं. पाळायची की नाही हे प्रकाशक ठरवतो. स्वस्त देशाचा पत्ता दाखवून महाग देशातले लोक खरेदी करू लागले की ती सवलत धोक्यात येते. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात तसं फार झालं, शिवाय तिथलं चलन कोसळत होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोन्ही देशांत स्टीमच्या किमती डॉलरमध्ये गेल्या आणि तिथल्या सामान्य मुलाला गेम एका रात्रीत कितीतरी महाग झाले. भारतात शिफारशीचे आकडे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वर सरकले. नवा मोठा गेम आता आपल्याकडे चार-पाच हजारांना येऊ लागला आहे, आणि या किमतीला क्रॅकची वाट पाहणारे पुन्हा वाढतील असं मला वाटतं.

डेनुवो: पहिल्या बारा आठवड्यांचं गणित

आज डीआरएम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो डेनुवो. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गची ही कंपनी, सिक्युरॉम बनवणाऱ्या सोनी डीएडीसीतूनच बाहेर पडलेल्या लोकांची. २०१४ मध्ये ‘फिफा १५’सारख्या गेमसोबत ती पुढे आली, २०१८ मध्ये इर्देतो या डिजिटल सुरक्षा कंपनीने ती विकत घेतली.

डेनुवो करतं काय? स्टीमचं स्वतःचं संरक्षण फार कच्चं आहे. ते पायरसीवरचा उपाय नव्हे, असं खुद्द व्हॉल्व्ह डेव्हलपरना सांगतं. डेनुवो त्या संरक्षणाभोवती आणखी एक थर चढवतं. गेमच्या कोडमधले काही भाग ते अशा गुंतागुंतीच्या रूपात बदलतं की वाचणाऱ्याला ते काय करतात हे उलगडू नये. पहिल्यांदा गेम सुरू करताना तुमच्या कॉम्प्युटरची ओळख सर्व्हरकडे जाते, तिथून त्याच यंत्रापुरतं चालणारं टोकन येतं, आणि खेळ चालू असताना कोड अधूनमधून ते टोकन वापरून स्वतःला तपासत राहतो. प्रोसेसर बदलला, लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलून पाहिल्या, की सर्व्हरला ते नवं यंत्र वाटू शकतं, आणि एका दिवसात ठरावीक यंत्रांची मर्यादा ओलांडली की गेम कुलूपबंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेनुवोच्या सर्व्हरशी संबंधित एका डोमेनची मुदत संपली आणि काही गेम तेवढ्या काळापुरते सुरूच होईनात.

वेगाचा वाद तर कायमचा. प्रत्येक गेम डेनुवोमुळे मंदावतो असं सरसकट म्हणणं चूक आहे. तो कोडमध्ये कुठे बसवला यावर ते अवलंबून असतं. पण चुकीच्या जागी बसला तर काय होतं ते २०२१ मध्ये ‘रेझिडेंट इव्हिल व्हिलेज’मध्ये दिसलं. मूळ गेम लढाईच्या क्षणी अडखळायचा, क्रॅक केलेला सरळ चालायचा. त्यात डेनुवोसोबत तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचं स्वतःचं संरक्षणही होतं. कंपनीने पुढे पॅच काढून ते सुधारलं. पण तोवर चोरीची कॉपी मूळ मालापेक्षा सरस होती, आणि पूर्ण किंमत मोजणाऱ्याला यापेक्षा मोठा अपमान कोणता?

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. डेनुवो कुचकामी आहे असं अनेक गेमर छातीठोक सांगतात. तसं ते नाही. २०१४ ते २०२२ दरम्यान आलेल्या ८६ डेनुवोधारी गेमचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की गेम आल्याबरोबर, पहिल्याच आठवड्यात क्रॅक झाला तर एकूण उत्पन्नात सरासरी २० टक्के घट होऊ शकते. शेकडो माणसांच्या चार-पाच वर्षांच्या कामावर २० टक्के ही क्षुल्लक रक्कम नाही. मात्र याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा: १२ आठवडे उलटल्यावर क्रॅक झाला तर उत्पन्नावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. घेणारे तोवर घेऊन मोकळे झालेले असतात.

म्हणजे डीआरएमचा उपयोग आहे, आणि तो मुदतीचा आहे. तीन महिन्यांनंतर तो गेममध्ये ठेवण्याचं आर्थिक कारण उरत नाही. उरतो तो फक्त खरेदीदाराला होणारा त्रास. काही प्रकाशक हे ओळखून नंतर पॅच काढून डेनुवो हटवतात. २०१६ च्या ‘डूम’मधून तो त्याच वर्षाच्या अखेरीस निघाला. पण वर्षानुवर्षं तो तसाच ठेवणारेही भरपूर आहेत. माझं म्हणणं सरळ आहे: गेम विकायला ठेवतानाच पानावर तारीख लिहा, की अमुक महिन्यात डीआरएम काढू. पैसे देणाऱ्याला तेवढं वचन मागायचा हक्क आहे.

पोलंडचं वेगळं दुकान

डीआरएमशिवाय धंदा होतो का, याचं उत्तर शोधायला वॉर्सात जावं लागतं. १९९४ मध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिखाव किचिन्स्की या शाळासोबत्यांनी तिथे सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी काढली. तेव्हाचा पोलंड म्हणजे कॉपी सीडींचा खुला बाजार, आपल्या लॅमिंग्टन रोडसारखाच. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ पोलिश भाषेत आणला: नामवंत पोलिश नटांचे आवाज, बॉक्समध्ये नकाशा, पुस्तिका, ऑडिओ सीडी. चोरटी कॉपी स्वस्त होती, पण पोलिश नव्हती आणि तिच्यात नकाशा नव्हता. लोकांनी मूळ बॉक्स घेतला.

त्याच विचारातून २००८ मध्ये जीओजी हे दुकान आलं. तिथला गेम पूर्ण इन्स्टॉलरसह उतरवून घ्यायचा, हार्ड डिस्कवर ठेवायचा, पुढे दुकान बंद पडलं तरी चालतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातून अशा कायमच्या ऑफलाइन डाउनलोडला सूट आहे, ती याचमुळे. २०११ मध्ये त्यांचाच ‘द विचर २’ आला तेव्हा जीओजीवर डीआरएम नव्हतं आणि दुकानातल्या डिस्कवर सिक्युरॉम होतं. टॉरेंटवर पसरली ती क्रॅक केलेली डिस्कची आवृत्ती. काही दिवसांतच त्यांनी पॅच काढून तिथलंही डीआरएम हटवलं. २०१५ चा ‘द विचर ३’ आणि दुसऱ्या कंपनीचा, २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ हे दोन्ही पहिल्या दिवसापासून जीओजीवर होते, म्हणजे कोणालाही सहज कॉपी करता येत होते. दोन्ही प्रचंड खपले.

यावरून सगळ्यांनी डीआरएम सोडावं असा निष्कर्ष मी काढणार नाही. हे असामान्य गेम होते, त्यांच्या कंपन्यांबद्दल लोकांना जिव्हाळा होता. २००८ मध्ये दोन जणांनी बनवलेल्या ‘वर्ल्ड ऑफ गू’मध्ये डीआरएम नव्हतं आणि खेळणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोक फुकटे होते, असा अंदाज बनवणाऱ्यांनीच मांडला होता. तरी ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले, कारण फुकट्याला अडवलं म्हणून तो गिऱ्हाईक होतोच असं नाही. छोट्या स्टुडिओची खरी अडचण आणखी वेगळी असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, भारतीय पुराणकथांवर आणि राजस्थानी वास्तुकलेवर बेतलेला. अशा गेमला आधी लोकांच्या नजरेस पडावं लागतं. १०० डॉलर भरले की कोणीही स्टीमवर गेम ठेवू शकतो, आणि एकट्या २०२४ मध्ये तिथे १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. रोज पन्नास. या गर्दीत हरवणाऱ्या स्टुडिओला पायरसीहून अनोळखीपण जास्त मारतं.

सर्व्हर बंद झाला की

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतींचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला, आणि पाठोपाठ लोकांच्या लायब्ररीतून परवानाही काढून घेतला गेला. पूर्ण किंमत दिलेला गेम, दहा वर्षांच्या आत शून्य.

यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम उभारली. मागणी अगदी साधी आहे: सर्व्हर कायम चालवा असं कोणी म्हणत नाही, पण बंद करताना गेम कसातरी खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपीय संघात नागरिकांच्या अधिकृत याचिकेला १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये तो आकडा ओलांडला गेला. आणि हे अशक्य नाही, कारण ओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेच ‘द क्रू २’ला ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर केलं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ही एका कलेची हानी आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत होते आहे.

भारतीय कायद्यात दोन कलमं माहीत असावीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी त्यात सवलतही आहे. आणि कलम ५२ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम रीतसर बाळगणाऱ्याला तो नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप कॉपी करता येते. म्हणजे आपला कायदा गेम जपणाऱ्याच्या विरोधात नाही. ‘द क्रू’सारख्या प्रकारात ग्राहकाचं काय, यावर मात्र आपल्याकडे अजून धड चर्चाही नाही, आणि ती ग्राहक चळवळीतल्या लोकांनी सुरू करायला हवी.

तोवर घेताना काही गोष्टी पाहून घ्या. स्टीमच्या प्रत्येक गेमच्या पानावर उजव्या बाजूच्या रकान्यात बाहेरचं डीआरएम असल्यास त्याचं नाव लिहिलेलं असतं, वेगळं खातं उघडावं लागणार असेल तर तेही असतं. एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट लागत असेल तर तो पूर्ण किमतीला घेऊ नका. स्टीमवरच्या बऱ्याच गेमना कुठलंच डीआरएम नसतं; फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं तरी ते स्टीमशिवाय चालतात, आणि त्यांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात. हाच गेम जीओजीवर असेल तर किंमत पाहा, आणि तिथून घेतला तर ऑफलाइन इन्स्टॉलर लगेच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. नुसता लायब्ररीत ठेवलात तर जीओजीचा फायदा अर्धाच मिळाला. जुना लॅपटॉप जपून ठेवला असेल तर हेही लक्षात घ्या की १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट थांबवला आहे. त्या यंत्रांवरचे गेम डीआरएममुक्त असतील तर त्यांची कॉपी आताच काढून घ्या.